बर्फ उडविणारे यंत्र

कॅनडातील माँट्रियल नगराच्या परिसरात हिवाळा उतरला म्हणजे रस्ता कोठे संपतो व शेत कोठे सुरू होते, हे ओळखणेच कठीण होऊन बसते. आर्थर सिकार हा तेथील एका गोपालक शेतकऱ्याचा मुलगा. त्याचा जन्म १८७६ सालचा. गाईंना हिवाळ्याची सुट्टी नसते. दूध रोज निघे, पण रस्ता बर्फाखाली गेला की ते शहरापर्यंत पोहोचविणे अशक्य होई. फावड्याने बर्फ सारावा, तर त्याचे ढीग कडेला साचून वाट अधिकच अरुंद व्हावयाची.

बर्फ ढकलण्याऐवजी दूर भिरकावून द्यावा, ही कल्पना सिकारच्याही पूर्वीची होय. टोरांटोचे दंतवैद्य जे. डब्ल्यू. एलियट यांनी १८६९ साली रेल्वेसाठी फिरत्या पात्यांच्या नांगराचे पेटंट घेतले होते. दात काढणाऱ्या गृहस्थास रुळांची चिंता का पडावी, कोण जाणे! ते यंत्र कागदावरच राहिले. पुढे ऑरेंज जल याने त्यात सुधारणा केल्या आणि लेस्ली बंधूंनी ते प्रत्यक्ष घडविले. परंतु वाफेवर चालणारे ते अजस्र धूड रुळांवरचे. दूधवाल्याच्या वाटेवर त्याचा काय उपयोग?

धान्याचे मळणी यंत्र पाहून सिकारला युक्ती सुचली, असे सांगतात. बरीच वर्षे खटपट करून १९२५ साली त्याने ट्रकवर आपले यंत्र बसविले. बर्फ खेचून फेकण्यासाठी त्यात स्वतंत्र इंजिन होते. बर्फ सुमारे ९० फूट दूर उडे किंवा मागून येणाऱ्या ट्रकमध्येही भरता येई. १९२७ साली शेजारच्या उत्रमाँ नगराने ते विकत घेतले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेच यंत्र लहान होऊन घरोघर आले, आणि येथेच एक निराळा इतिहास सुरू झाला. मोठ्या आकाराच्या घरगुती यंत्रांत पुढचे मळसूत्री पाते बर्फ आत ओढते व मागचे वेगवान चाक तो नळकांड्यातून वर फेकते. ओला, जड बर्फ नळकांड्यात घट्ट बसतो. घाईतला मनुष्य इंजिन बंद करतो आणि हाताने बर्फ उकरू लागतो. इंजिन बंद आहे, मग भीती कसली? भीती आहेच. अडकलेल्या चाकावर पट्ट्याचा ताण शिल्लक राहिलेला असतो. बर्फाचा गोळा सुटताच चाक एक झटका घेते, आणि तेवढ्यात बोटे जातात. असे कित्येक रुग्ण तेथील हस्तशल्यविशारदांकडे दर हिवाळ्यात येतात. काम करणारा उजवा हातच बहुधा सापडतो.

यंत्र बनविणाऱ्यांनी हे ओळखून हँडल सोडताच पाती थांबतील, अशी योजना केली. पुष्कळ यंत्रांवर बर्फ उकरण्यासाठी एक काठीही अडकविलेली असते. दुर्दैवाने ती जागची हलत नाही. हात मात्र जवळ असतो. जाणते लोक इंजिन बंद करून किल्ली काढतात, पाती पूर्ण स्थिर होईतो थांबतात, व मग त्या काठीनेच बर्फ मोकळा करतात. पेट्रोल ते इंजिन थंड झाल्यावरच भरतात, आणि बंद गॅरेजात यंत्र कधीही चालवीत नाहीत; कारण त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो व रंगही नसतो.