खटक्याच्या चाकूचे कायदेशीर पर्याय

मुठीतील खटका किंवा बटन दाबताच पाते आपोआप उघडणाऱ्या चाकूला 'खटक्याचा चाकू' (स्विचब्लेड) म्हणतात. अशा चाकूवर जेथे बंदी वा निर्बंध आहेत, तेथे खोकी फोडणे, दोर कापणे, तारेवरील आवरण सोलणे यांसारख्या रोजच्या कामांसाठी हाताने उघडण्याचे घडीचे चाकू खिशात बाळगले जातात. दोन्हींच्या पात्यांची धार सारखीच असू शकते. कायदा भेद करतो तो मुख्यतः पाते कसे उघडते, उघडल्यावर ते पक्के अडकते का आणि त्याची लांबी किती, यांवरून. या तीन कसोट्या सर्वत्र सारख्या नसल्यामुळे एका देशात दुकानात उघडपणे मिळणारा चाकू दुसऱ्या देशात बाळगणे गुन्हा ठरते.

अमेरिका

१९५० च्या दशकात अमेरिकेत तरुणांच्या टोळ्यांविषयी मोठी भीती पसरली आणि खटक्याचा चाकू तिचे प्रतीक बनला. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) या चित्रपटातील खटलाही अशाच चाकूभोवती फिरतो. बासू चटर्जी यांच्या 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) या रूपांतरामुळे ती कथा भारतीय प्रेक्षकांच्या परिचयाची आहे. १९५८ मध्ये संघीय स्विचब्लेड कायदा झाला. मुठीतील बटन वा अन्य साधन दाबल्याने, अथवा जडत्वाने वा गुरुत्वाकर्षणाने पाते आपोआप उघडणारा चाकू, अशी त्यातील व्याख्या आहे. या कायद्याचा रोख आंतरराज्य व्यापारावर असून चाकू बाळगण्याविषयीचे नियम प्रामुख्याने राज्यांचे आहेत. एकच हात असलेल्या व्यक्तीला ३ इंचांपर्यंत पाते असलेला असा चाकू जवळ ठेवण्याची सवलत मूळ कायद्यातच आहे. एका हाताने उघडणारा चाकू ही काहींची खरी गरज असते, याची ही कबुलीच म्हणावी लागेल.

ती गरज पुढे कारागिरांनी अन्य मार्गांनी भागवली. स्पायडर्को कंपनीच्या १९८१ मधील 'वर्कर' चाकूच्या पात्याला गोल भोक होते. त्यात अंगठा रोवून पाते एका हाताने उघडता येई. इतर चाकूंच्या पात्यावर अंगठ्यासाठी खुंटी असते. १९९० च्या दशकात स्प्रिंगसाहाय्यित चाकू आले. यात पाते हाताने थोडे उघडावे लागते, उरलेले काम स्प्रिंग करते. खटक्याच्या चाकूत स्प्रिंग पात्याला सतत बाहेर ढकलत असते व खटका ते अडवून धरतो. येथे मात्र मिटलेले पाते मिटलेलेच राहू पाहते. हा फरक सूक्ष्म असला तरी निर्णायक ठरला. २००९ मध्ये सीमाशुल्क विभागाने अशा चाकूंनाही खटक्याचे चाकू मानण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा काँग्रेसने त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून त्यांना स्पष्टपणे वगळले. कॅलिफोर्नियात २ इंचांहून आखूड पात्याचा चाकू खटक्याचा असला तरी स्विचब्लेडच्या व्याख्येत येत नाही, तर टेक्ससने २०१३ मध्ये खटक्याच्या चाकूवरील बंदीच उठवली.

व्याख्या सैल असली की काय होते, याचे उदाहरण न्यूयॉर्कमध्ये दिसले. तेथे गुरुत्वाकर्षणाने वा केंद्रोत्सारी बलाने उघडून पक्का अडकणारा चाकू निषिद्ध होता. पोलीस मनगटाला झटका देऊन पाते उघडते का, हे पाहत. साध्या हार्डवेअरच्या दुकानांत विकले जाणारे चाकूही या कसोटीत सापडत. कामावर जाणारे सुतार, वीजतंत्री व गोदामकामगार यांना त्यापायी अटक झाली. एकच चाकू एकाच्या हातून उघडे, दुसऱ्याच्या हातून उघडत नसे. अखेर मे २०१९ मध्ये हा निर्बंध रद्द झाला.

ब्रिटन

ब्रिटनमध्ये खटक्याच्या चाकूची निर्मिती व विक्री १९५९ पासून निषिद्ध आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्यानुसार ३ इंचांपर्यंत धार असलेला घडीचा खिशातील चाकू सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यास कारण द्यावे लागत नाही. मात्र पाते उघडल्यावर पक्के अडकणारा चाकू 'घडीचा चाकू' ठरत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. तो बाळगायचा असल्यास योग्य कारण दाखवावे लागते. त्यामुळे तेथे केवळ कमानीच्या दाबावर उघडा राहणारा, स्विस आर्मी पद्धतीचा छोटा चाकू हाच रूढ पर्याय आहे. त्याचा दोष असा की, जोर उलट बाजूने पडल्यास पाते बोटांवर मिटू शकते. वापरणाऱ्याच्या सुरक्षेसाठी असलेली अडकणच येथे कायद्याला खुपते. २०१९ च्या कायद्याने व्याख्या रुंदावली आणि अर्धवट उघडल्यावर बटन वा स्प्रिंगने पूर्ण उघडणारे चाकूही बंदीखाली आले. अमेरिकेने ज्यांना मुद्दाम वगळले, तेच येथे घरातसुद्धा ठेवता येत नाहीत.

भारत

भारतात शस्त्र नियम, २०१६ नुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेल्यांना यातून सूट आहे. हिंदी चित्रपटांमुळे प्रसिद्ध झालेल्या रामपुरी चाकूचे लांब पाते अनेकदा ही मर्यादा ओलांडत असे. दिल्लीत बटनदार व स्प्रिंगच्या चाकूंविषयी वेगळी अधिसूचना असून तीत लांबीची मर्यादा ७.६२ सेंमी, म्हणजे ३ इंच आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वये सण, मोर्चे, निवडणुका अशा प्रसंगी ठरावीक मुदतीसाठी शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्या काळात सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगण्यास मनाई करता येते आणि कलमात 'चाकू' हा शब्द लांबीच्या वा यंत्रणेच्या कोणत्याही अटीविना आलेला आहे.