वऱ्हाडचा कापूस आणि वरळीच्या रिकाम्या खोल्या

कारंज्याहून शेलूबाजारच्या बाजूस जातांना हल्लीं तुरीच्या शेतांत चुना फांसलेले दगड रांगेनें रोंवलेले दिसतात. चार दगडांच्या मध्यें एक घर आहे असें समजावयाचें. निदान विकणारा तसें सांगतो आणि घेणारा तसें मानतो. मुंबई व नागपूर यांना जोडणारा 701 किलोमीटर लांबीचा समृद्धि महामार्ग वाशीम जिल्ह्याच्या कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगांव या तालुक्यांतून गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग 11 डिसेंबर 2022 रोजीं आणि शेवटचा तुकडा 5 जून 2025 रोजीं खुला झाला. रस्त्यालगत ठिकठिकाणीं ‘कृषि समृद्धि नगरें’ वसविण्याची योजनाहि त्याजबरोबरच आंखली गेली होती. रस्ता पुरा झाला. नगरें बहुतेक कागदावरच आहेत. न वसलेल्या नगरांच्या नांवावर जमिनीचा सौदा होण्याचा हा प्रकार जिल्ह्यांतील लोकांस अगदीं नवा वाटतो. वस्तुतः याच मातींतून निघालेल्या कापसाच्या जोरावर मुंबईंत असा बाजार दोनदां भरला, आणि दुसऱ्या खेपेस त्याचा भुर्दंड कापसाच्याच गांठीवर बसला. ही हकीकत वऱ्हाडांत फारशी कोणाच्या स्मरणांत नाहीं, म्हणून ती येथें सांगावी असें आम्हांस वाटतें.

1853 च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. तत्पूर्वीं येथील कापूस बैलांच्या पाठीवर लादून शेंकडों मैल दूर मिर्झापुरापर्यंत जात असे. पुढें तो मुंबईकडे वळला. आणि एप्रिल 1861 मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटून दक्षिणेकडील बंदरें बंद पडतांच लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे याच कापसाकडे लागले. शेतकऱ्यांनीं गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्या, ही गोष्ट त्याच दिवसांतली. ती खरी असो वा नसो; चांदीची धाव चार कोसांत झिजून जाईल हें वऱ्हाडी शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको होतें.

मुंबईच्या व्यापाऱ्यांना मात्र तें कोणी सांगितलें नाहीं. कापसाचा पैसा बंदरांत येऊन पडूं लागला, त्याला जागा पुरेना, म्हणून बँका निघाल्या, आणि बँकांच्या पैशाला गिऱ्हाईक हवें म्हणून समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा 5,000 रुपये भरलेला शेअर 50,000 च्या घरांत गेला. ज्या जमिनीचा हा भाव, ती अजून पाण्याखालीं होती! एप्रिल 1865 मध्यें अमेरिकेंतील युद्ध संपलें, कापूस उतरला, आणि 1 जुलै 1865 हा वायदे पुरे करण्याचा दिवस उजाडला तेव्हां देणारे पुष्कळ व देण्यास पैसा नाहीं अशी अवस्था झाली. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर 2,850 रुपयांना विकला गेला होता तो 87 वर आला. 1868 सालीं ती बँकच गुंडाळावी लागली. बॅक बे कंपनीहि बुडाली. तिनें काढलेली किनाऱ्याची पट्टी सरकारच्या हातीं आली व पुढें रेल्वेला गेली. या खेळाचे अग्रणी प्रेमचंद रायचंद यांच्या भरभराटीच्या दिवसांतील देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला. पण तो पुरा झाला 1878 सालीं, म्हणजे त्यांचें वैभव ओसरून गेल्यावर.

दुसरी खेप पहिल्या महायुद्धानंतरची. आणि ती आम्हांस अधिक बोधक वाटते, कारण या वेळीं सट्टेवाला स्वतः सरकार होतें. युद्धांत व त्यानंतर गिरण्यांना बेसुमार नफा झाला, मजुरांची दाटी झाली, भाडीं कडाडलीं. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं 1920 सालीं डेव्हलपमेंट खातें काढलें व त्याजकडे दोन प्रचंड कामें सोंपविलीं. एक, तोच बॅक बे पुन्हा भरून 1,145 एकर जमीन काढणें. दुसरें, आठ वर्षांत मजुरांसाठीं 50,000 खोल्या बांधणें. तेजी आहे तशीच राहणार, हें दोन्ही हिशोबांत गृहीत धरलेलें होतें.

बॅक बेची कथा थोडक्यांत सांगतां येईल. खर्च अंदाजाच्या बाहेर गेला, गाळ उपसण्याचें काम रखडलें, वीर नरिमन यांनीं त्यावर कडाडून टीका केली, 1926 सालीं चौकशी समिति बसली आणि 1,145 एकरांपैकीं सुमारें 440 एकरांवर काम थांबलें. त्यांतलीहि निम्म्याहून अधिक जमीन लष्करास देण्यांत आली.

चाळींची कथा निराळी आहे. वरळीस 121, नायगांवास 42, डिलाइल रोडवर 32 आणि शिवडीस 12 अशा 207 काँक्रीटच्या चाळी उठल्या. एकेका चाळींत 80 खोल्या, एकेक खोली सुमारें 160 चौरस फूट, नळ व संडास सामाईक. पन्नास हजारांची गोष्ट सोळा हजारांवर येऊन थांबली, कारण बांधलेल्या खोल्याच भरेनात. ज्या शहरांत एका खोलींत दोन-दोन कुटुंबें राहत होतीं, त्याच शहरांत वरळीच्या चाळींतून खोल्यांमागून खोल्या वर्षानुवर्षें कुलपांत होत्या. मजुराला घर नको होतें काय? हवें होतें, पण गिरणीच्या भोंग्याबरोबर पोंचतां येईल असें, उधारीचा वाणी ज्याच्या खालीं आहे असें, आणि ज्याचें भाडें पगारांत बसेल असें हवें होतें. त्या वेळची वरळी म्हणजे गांवाबाहेरचें ओसाड टोंक. त्यांत 1922-23 पासून गिरण्यांचा धंदा मंदावला. खात्यानें जागेचे फूट मोजले होते, माणसाची मिळकत मोजली नव्हती.

आतां रिकाम्या खोलीचें भाडें कोणी भरलें तें पाहूं. चाळींची तूट भरून काढण्यासाठीं मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीवर एक रुपया नगरकर बसविण्यांत आला होता. गांठ 392 पौंडांची. तींत कारंज्याचा कापूस असो, वाशीमचा असो कीं खानदेशाचा. ज्या शेतकऱ्यानें वरळी डोळ्यांनीं पाहिली नाहीं, त्याच्या घामाच्या मालावर वरळीच्या कुलपांचा खर्च पडला. व्यापारी असा कर स्वतःच्या खिशांतून देत नाहीं, तो खरेदीचा भाव तेवढा ओढून धरतो, असा आमचा समज आहे. अर्थशास्त्रज्ञांनीं तो खोडून काढावा.

कोणी म्हणेल, शेवटीं त्या खोल्या भरल्याच ना? भरल्या खऱ्या. 1930 च्या चळवळींत वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यांत आला, म्हणजे पुष्कळ खोल्यांना रहिवासी सत्याग्रही कैद्यांच्या रूपानें मिळाले! पुढें मुंबई वाढली आणि 160 फुटांत तीन-तीन पिढ्या नांदल्या. ऑगस्ट 2025 मध्यें वरळींतील 556 कुटुंबांना नव्या इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. परंतु तेथें वाट पाहावयास मुंबईसारखें शहर पाठीशीं होतें. मुठेच्या खोऱ्यांतील लवासा नगरीस तो आधार नव्हता. 2018 सालीं ती दिवाळखोरीच्या न्यायासनापुढें गेली.

कारंज्याचा नकाशा कोणा खात्यानें काढला नव्हता. लाड वाण्यांची पेढी आधीं आली, कापसाचा बाजार आधीं भरला, आणि मूर्तिजापुराकडे जाणारी अरुंद रुळांची गाडीहि मागाहूनच आली. ती गाडी आज बंद आहे, बाजार चालूच आहे. नव्या नगरांत सकाळीं उठून माणसानें कोणत्या कामास जावयाचें, याचें उत्तर दगड रोंवणाऱ्याजवळ आम्हांस मिळालें नाहीं. महामार्गासाठीं जमीन घेतांना आरंभीं शेतकऱ्यांपुढें ठेवलेला प्रस्ताव असा होता, कीं जमिनीच्या बदल्यांत नव्या नगरांत तिच्या पाव हिश्शाएवढा किंवा त्याहून थोडा अधिक विकसित भूखंड घ्यावा. तो बहुतेकांच्या गळीं उतरला नाहीं. पुढें थेट खरेदीचा मार्ग निघाला तेव्हां त्यांनीं रोकड घेतली. दगडांमधल्या जागा घेणारे लोक वेगळे आहेत: अकोला, नागपूर, पुणें येथें नोकरी केलेले, भविष्यनिर्वाहाची रक्कम हातीं आलेले, आमच्या वाचकांच्याच घरांतले. त्यांतील एका स्नेह्यास आम्हीं विचारलें, जागेवर घर केव्हां बांधणार? ते म्हणाले, “आम्ही कशाला बांधूं? नगर झालें कीं विकूं.”

तोंवर त्यांच्या चार दगडांच्या मध्यें मूळचा मालकच तूर पेरतो. दगड आडवे येतात, म्हणून डवरा मात्र त्यास जरा वळवून हांकावा लागतो.