शब्दार्थ-वाक्य पद्धत (इंग्रजी शब्दसंग्रह)

इंग्रजी शब्द, त्याचा मराठी अर्थ आणि तो शब्द घालून केलेले वाक्य, अशा तीन पायऱ्यांनी शब्दसंग्रह वाढवण्याची रीत. मराठी शाळांत पहिल्या दोन पायऱ्यांना ‘वर्ड-मीनिंग’ म्हणतात आणि तिसरीला ‘वाक्यात उपयोग’. मुंबईत या रीतीची परंपरा जवळजवळ दोनशे वर्षांची आहे. त्यातली तिसरी पायरी सर्वांत मोलाची, आणि घाईत सर्वांत आधी तीच गळते. ती का गाळू नये, हे कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या रोजच्या व्यवहारात स्पष्ट दिसते, म्हणून या नोंदीत त्या वस्तीला जास्त जागा दिली आहे.

परंपरा : बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापलेला असे. वाचणाऱ्याला सुटा शब्द मिळत नसे. पुरा विचार दोन्ही भाषांत एकाच वेळी समोर येई, आणि शब्दाचा अर्थ त्या विचाराच्या ओघात लागे. त्याआधी वर्षभर, १८३१ मध्ये, मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला होता. त्यांनीच हाती घेतलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडी यांनी पुरा केला आणि तो १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. या कोशात एकेका इंग्रजी शब्दाखाली मराठी प्रतिशब्दांची रांग आहे. त्यातला कोणता कुठे लागू पडतो, हे ठरवायला वाचकाला पुन्हा वाक्याकडेच जावे लागते.

ते वाक्य घराघरांत पोचवले तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’ने. तिचे तीन भाग मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी गिरवले. आधी शब्द, मग नियम, मग भाषांतरासाठी वाक्ये, कधी मराठीतून इंग्रजीत तर कधी उलट. या पुस्तकाने बोलके इंग्रजी शिकवले नाही, ही तक्रार खरी आहे. पण विद्यार्थ्याला शब्द वाक्यात बसवावाच लागे, त्यातून सुटका नसे. नंतरच्या गाइडांनी आणि पाठांतराच्या वह्यांनी ती सक्ती काढून टाकली, आणि उरल्या उभ्या रेघेच्या दोन बाजूंना लिहिलेल्या जोड्या.

जगात इतरत्रही कोशकार याच प्रश्नाशी झगडत होते. सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात अर्थाला आधार म्हणून लेखकांची अवतरणे आहेत. मायकेल वेस्ट यांनी ढाक्यात शिकवताना भारतीय मुलांना कोणते शब्द आधी द्यावेत याचा विचार केला. १९५३ मध्ये आलेल्या त्यांच्या यादीत सुमारे दोन हजार नित्योपयोगी शब्द आहेत. १९८७ च्या ‘कोबिल्ड’ कोशाने तर शब्दाची व्याख्याच पूर्ण वाक्यात द्यायला सुरुवात केली.

मच्छीमार नगर : कफ परेडला बधवार पार्कजवळच्या किनाऱ्यावर ही वस्ती आहे. एका बाजूला उंच इमारती आणि कचेऱ्या, दुसऱ्या बाजूला होड्या, जाळी आणि सुकत घातलेली मासळी. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला करणारे याच किनाऱ्यावर उतरले. त्यानंतर किनारपट्टीवर मच्छीमारांसाठी बायोमेट्रिक ओळखपत्रे आली आणि बोटींच्या नोंदणीची काटेकोर तपासणी सुरू झाली. रजिस्ट्रेशन, व्हेरिफिकेशन, व्हॅलिडिटी हे शब्द तांडेलाला आणि खलाशाला टाळता येईनात. त्यांतला ‘व्हॅलिडिटी’ मोबाइलच्या रिचार्जमुळे बहुतेकांना आधीच ठाऊक असतो. रिचार्ज अठ्ठावीस दिवस चालतो, तसा परवाना अमुक तारखेपर्यंत चालतो, एवढे सांगितले की शब्द पक्का होतो. ‘वैधता’ हा कोशातला अर्थ पाठ करून ते काम होत नाही, कारण तो मराठी शब्दही अनेकांच्या तोंडी नसतो. इंग्रजी शब्दाचा अर्थ त्याहून अवघड मराठीत देणे हा शालेय शब्दार्थांचा जुना दोष आहे.

हवामानाचे पत्रक : या पद्धतीचा कस लागतो तो हवामान खात्याच्या इशाऱ्यात. मुंबईचे प्रादेशिक हवामान केंद्र जवळच कुलाब्याला आहे. तिथली वेधशाळा १८२६ पासूनची. इशारे मराठीतही निघतात, तरी फोनवर फिरणारा मजकूर बऱ्याचदा इंग्रजी असतो, आणि घरात तो वाचून दाखवणारा शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी असते.

त्यातला ‘रफ’ हा शब्द घ्या. वहीत त्याचा अर्थ ‘खडबडीत’ किंवा ‘ओबडधोबड’. शाळेत ‘रफ वही’ असते, ती कच्च्या कामाची. समुद्राला हा शब्द लागला की अर्थ होतो ‘खवळलेला’, आणि पत्रकात तर त्याला माप आहे. लाटांची उंची सव्वा ते अडीच मीटर असेल तर समुद्र ‘मॉडरेट’, अडीच ते चार मीटर असेल तर ‘रफ’, चार ते सहा मीटर असेल तर ‘व्हेरी रफ’, आणि सहाच्या वर ‘हाय’. ‘मॉडरेट’चा अर्थ ‘मध्यम’ असा पाठ केलेल्या मुलाला वाटेल की भिण्यासारखे काही नाही. लहान होडीला अडीच मीटरची लाट म्हणजे काय, हे त्याचा बाप जाणतो. दोघांनी पत्रक मिळून वाचले तर शब्द मुलाकडून येतो, अर्थ बापाकडून. शब्दार्थ-वाक्य पद्धतीचा याहून चांगला वर्ग कुठे भरत असेल असे वाटत नाही.

पत्रकातले ठरलेले वाक्य मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा सल्ला देते, आणि त्यात किनाऱ्यासंबंधी ‘अलाँग अँड ऑफ’ असे शब्द असतात. ‘ऑफ’ म्हणजे ‘बंद’, हे दिव्याच्या बटणावरून प्रत्येक मुलाला येते. इथे ‘अलाँग’ म्हणजे किनाऱ्याला लागून आणि ‘ऑफ’ म्हणजे किनाऱ्यापासून आत, दर्यात. असे छोटे शब्द शब्दार्थांच्या यादीत कधी सापडत नाहीत, आणि वाक्याचा सगळा भार त्यांच्यावरच असतो. ‘व्हेंचर’ हा तिथलाच आणखी एक शब्द. त्यात नुसते जाणे नाही, धोका पत्करून जाणे आहे. ‘स्क्वॉल’ म्हणजे अचानक वाढून निदान मिनिटभर टिकणारा सोसाट्याचा वारा. ‘गस्ट’ म्हणजे क्षणभराचा झोत. शीड सांभाळणाऱ्यांच्या घरात हा फरक शिकवावा लागत नाही, त्याला फक्त इंग्रजी नाव द्यावे लागते.

एक शब्द, अनेक अर्थ : कोळ्याच्या घरात ‘स्केल’ हा शब्द तीन रूपांत भेटतो. मासळीचे खवले, आईच्या टोपलीशेजारचा वजनकाटा आणि दप्तरातली पट्टी. ‘नेट’ म्हणजे जाळे, पण बिस्किटाच्या पुड्यावरच्या ‘नेट वेट’मधले नेट म्हणजे निव्वळ. ‘कॅच’चा अर्थ पकडणे, ससून डॉकवर ‘आजचा कॅच’ म्हटले की जाळ्यात आलेली सगळी मासळी. हा डॉक १८७५ पासून चालू आहे आणि पहाटेच्या लिलावासाठी प्रसिद्ध आहे. ‘लँडिंग’ शब्दाने मुलांना विमान आठवते, मत्स्य खात्याच्या अहवालात मात्र त्याचा अर्थ बंदरावर उतरवलेली मासळी. यादीत प्रत्येक शब्दापुढे एकच अर्थ लिहिला की उरलेले अर्थ मुलाला चुकीचे वाटू लागतात. वेगवेगळ्या अर्थांची दोन-तीन वाक्ये एकाखाली एक लिहिली तर तो घोटाळा होत नाही.

माशांच्या नावांत आणखी सावध राहावे लागते. बोंबलाला इंग्रजीत ‘बॉम्बे डक’ म्हणतात, त्याचा बदकाशी संबंध नाही. रावस ‘इंडियन सॅमन’ म्हणून विकला जातो, पण थंड समुद्रातला खरा सॅमन वेगळ्या कुळातला. हलवा हा ‘ब्लॅक पॉम्फ्रेट’, तरी पापलेटाचा सख्खा भाऊ नव्हे. मासळी विकणाऱ्या बाईला हे सारे हाताने कळते. तिच्याकडून माहिती घेऊन मुलांनी इंग्रजीत दोन वाक्ये लिहिली, तर तो गृहपाठ कोणत्याही गाइडातल्या उत्तरापेक्षा सरस ठरेल.

चांगले वाक्य कोणते : ‘धिस इज अ नेट’ हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे आणि शिकण्याच्या दृष्टीने रिकामे आहे. ‘नेट’ काढून तिथे टेबल, मांजर, काहीही घातले तरी ते बरोबरच राहते. परीक्षेत गुण मिळवण्यासाठी मुले अशाच साच्यात शब्द ओततात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. कसोटी सोपी आहे : शब्द झाकला तरी वाक्यावरून तो ओळखता आला पाहिजे. ‘बाबा रात्रभर फाटलेले ---- शिवत बसले’ या वाक्यात गाळलेली जागा मच्छीमार नगरातले कुठलेही मूल भरील. अशी वाक्ये इंग्रजीत करायला लावावीत. सुरुवातीला ती मोडकी होतील, तरी चालेल.

उजळणीचे तत्त्व हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मांडले : एका बैठकीत दहादा घोकण्यापेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी जास्त टिकते. रोजचे पत्रक ही उजळणी आपसूक करवते, कारण तेच वीस-पंचवीस शब्द पुन्हा पुन्हा येतात.

सद्यःस्थिती : महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, त्याआधी ते पाचवीपासून असे. सेमी-इंग्रजी वर्गांत गणित आणि विज्ञानही इंग्रजीत असते. मुलांच्या समोर येणारे शब्द त्यामुळे कितीतरी वाढले, पण ते वाक्यात वापरायला मिळणारा वेळ त्या प्रमाणात वाढला नाही. फोनवरच्या कोशांनी अर्थ क्षणात मिळतो. वाक्य मात्र अजून स्वतःलाच करावे लागते.

जून-जुलैत मासेमारीला बंदी असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. मुंबईच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. हे आठवडे बाप घरी असतो आणि पाऊस-वाऱ्याचे इशारे रोज येत असतात. किनाऱ्यावरच्या शाळांतल्या शिक्षकांनी या दिवसांत इंग्रजीच्या तासाला त्या दिवसाचे पत्रक फळ्यावर लिहावे, आणि त्यातल्या शब्दांचे अर्थ मुलांना घरी विचारून यायला सांगावे.