लिव्हरचा जुना आजार आहे? दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नका

पनवेल : लिव्हर म्हणजे यकृत. त्यात गाठ झाली तरी सुरुवातीला दुखत नाही. कावीळ, पोटात पाणी, वजन घटणे ही लक्षणे दिसेपर्यंत आजार अनेकदा पुढे गेलेला असतो. म्हणूनच ज्यांना धोका जास्त, त्यांनी बरं वाटत असतानाच तपासणी करायची असते.

तपासणी कोणी करावी?
- लिव्हर सिरॉसिस झालेल्यांनी. कारण दारू असो, हिपॅटायटिस बी किंवा सी असो, की मधुमेह-लठ्ठपणामुळे लिव्हरवर साठलेली चरबी.
- हिपॅटायटिस बी जुना असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावे. यात सिरॉसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो.
- हिपॅटायटिस सी गोळ्यांनी बरा झाला किंवा दारू सुटली, तरी सिरॉसिस असेल तर तपासणी सुरूच ठेवावी.

काय करतात?
पोटाची सोनोग्राफी आणि सोबत एएफपी ही रक्ततपासणी. सोनोग्राफीला साधारण सहा ते आठ तास उपाशी जावे लागते. सकाळची वेळ घेतलेली बरी. नुसत्या रक्ततपासणीवर विसंबू नये. गाठ लहान असताना एएफपी नॉर्मल येऊ शकते.

सहा महिनेच का?
गाठ साधारण काही महिन्यांत दुप्पट होते. वर्षभर थांबलं तर ती हाताबाहेर जाऊ शकते. दोन-तीन सेंटिमीटरची असताना सापडली तर ऑपरेशन, सुईने गाठ जाळणे किंवा लिव्हर प्रत्यारोपण यातून बरं होण्याची संधी असते.

संशय आला तर?
डॉक्टर सीटी स्कॅन किंवा एमआरआय सांगतात. सोनोग्राफीत दिसलेली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. टाटा मेमोरियल सेंटरची अ‍ॅक्ट्रेक ही संस्था पनवेल तालुक्यातच, खारघरला आहे. जाताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुने सर्व रिपोर्ट सोबत न्यावेत. काविळीवर झाडपाल्याचं औषध घेत दिवस घालवू नयेत. काही औषधांनी लिव्हर आणखी बिघडतं.

खर्चाचं काय?
२०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात हिपॅटायटिस बी व सी यांची तपासणी आणि औषधे ठरलेल्या सरकारी केंद्रांत मोफत आहेत. आपल्याला जवळचं केंद्र कोणतं, हे सरकारी दवाखान्यात विचारावे. कॅन्सरच्या उपचारासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी.

घरच्यांनी काय करावं?
एकाला हिपॅटायटिस बी असेल तर घरातल्या सर्वांनी तपासून घ्यावे, नसेल त्यांनी लस टोचावी. बाळाला पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत. बुरशी लागलेले शेंगदाणे, मका खाऊ नये. आणि पुढच्या सोनोग्राफीची तारीख आजच मोबाईलमध्ये टाकून ठेवावी.