शेऱ्याचा प्रवास: टपालापासून पडद्यापर्यंत



मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि आपल्या इंदुरातील वर्गही भ्रमणध्वनीच्या पडद्यावर भरू लागले. हे काही अगदीच नवे शिक्षण आहे, असे तेव्हा अनेकांस वाटले. इतिहास मात्र वेगळे सांगतो. १८४० साली इंग्लंडात एका पेनीत पत्र जाऊ लागले आणि त्याच वर्षी आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलिपी शिकविण्यास आरंभ केला. विद्यार्थी अभ्यास लिहून धाडीत; तो दुरुस्त होऊन परत येई. पाठ पोहोचविणे हे अर्धेच अध्यापन होते. तपासलेला कागद परत येणे, हे उरलेले अर्धे.

आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. पुढे १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९९१ साली भोपाळचे भोज मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. दूरच्या विद्यार्थ्याला आपला गुरू भेटे तो बहुधा स्वाध्यायाच्या समासातील शेऱ्यातूनच.

येथे एक कबुली द्यावयास हवी. असे गठ्ठे मीही तपासले आहेत आणि घाईने 'ठीक', 'मांडणी सुधारा' असे शेरे मारले आहेत. एका विद्यार्थिनीने माझ्या शेऱ्याखाली लिहून पाठविले, ''सर, म्हणजे नेमके काय करू?'' मी खजील झालो. मग उत्तर लिहिले: ''दुसऱ्या परिच्छेदात विधाने तीन आहेत, आधार एकालाच आहे. उरलेल्या दोहोंना मूळ कवितेतून आधार द्या.'' तिच्या पुढच्या निबंधात ते आधार आले. शेरा व्यक्तीवर नव्हे, कृतीवर असावा; नेमक्या ओळीवर बोट ठेवणारा असावा; आणि पुढील स्वाध्यायापूर्वी हाती पडावा, हे मला तिने शिकविले.

आज टपालाचे आठवडे वाचले. परंतु शेरा पुष्कळदा उंचावलेल्या अंगठ्याच्या चित्रापुरता उरला आहे. वर्गात मुलाच्या कपाळावरची आठी दिसते. पडद्यावर ती दिसेलच असे नाही. म्हणून तेथे शब्दावरचा भार अधिक. ज्याला उत्तर मिळत नाही, तो विद्यार्थी तक्रारही करीत नाही. तो निमूटपणे दिसेनासा होतो. त्याला थांबवून धरण्याचे सामर्थ्य आजही शिक्षकाच्या दोन नेमक्या वाक्यांत आहे.