पैसे कपाचे की खुर्चीचे?

माझी धाकटी मुलगी नोकरी करते बंगळूरच्या कंपनीत आणि राहते पुण्यात, माझ्या घरी. २०२० च्या टाळेबंदीत तिचं ऑफिस आमच्या घरी आलं, ते अजून पुरतं परत गेलेलं नाही. घर दोन खोल्यांचं. सकाळी अकराला तिची मीटिंग सुरू होते, नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्या देतो आणि बाहेरच्या खोलीत एखादा कविमित्र नवी कविता घेऊन माझ्यापुढे बसलेला असतो. शेवटी एके दिवशी ती म्हणाली, ''अब्बा, मी बाहेर बसून काम करीन म्हणते. कोपऱ्यावर कॅफे आहे आणि पुढच्या चौकात कोवर्किंग. तुम्ही सांगा, कुठं जाऊ?''

कोवर्किंग म्हणजे काय, हे तिनंच मला समजावलं. महिन्याचं भाडं भरायचं, टेबल-खुर्ची आपली. वीज, इंटरनेट, वातानुकूलन त्यातच. कॉफीही बहुधा त्यातच. कॅफेत सगळं उलट. तिथं पैसे कॉफीचे द्यायचे, खुर्ची आणि वीज वरकड. मी म्हटलं, ''म्हणजे प्रश्न एवढाच ना, की पैसे कपाचे द्यायचे की खुर्चीचे?'' ती हसली आणि पुन्हा मीटिंगला बसली.

मला मात्र हसण्यावारी नेता येईना. कारण याच प्रश्नानं एकेकाळी लंडन शहरात भांडणं झाली होती, प्रकरण कोर्टात गेलं होतं. आणि अगदी छोट्या प्रमाणात तो माझ्याही वाट्याला आला होता.

माझी उमेदवारी गेली इराण्याच्या हॉटेलात. संगमरवरी टेबल, लाकडी खुर्ची, एक चहा आणि एक मस्का-पाव. घरी लिहायला जागा नव्हती. एका चहावर मी तीन-तीन तास वही उघडून बसायचो. एके दुपारी मालक स्वतः आले. बोलले काही नाहीत. फडकं घेऊन त्यांनी टेबल पुसायला सुरुवात केली आणि पुसत पुसत माझी वही कडेपर्यंत सरकवली. मी उठलो. तेव्हा मला फार अपमान वाटला होता. आज वाटतं, त्या माणसाचं चुकलं नव्हतं. दुपारच्या गर्दीत त्याची एक खुर्ची मी अडवली होती आणि पैसे दिले होते फक्त कपाचे.

कॉफीच्या दुकानात बसून काम करायची रीत इंग्रजांनी काढलेली नाही. सोळाव्या शतकाच्या मध्याला हलब आणि दमास्कसहून आलेल्या दोघांनी इस्तंबूलमध्ये कहवाखाने सुरू केले, असं इब्राहिम पेचेवी या इतिहासकारानं नोंदवलं आहे. तिथं कुणी पुस्तक वाचत असे, कुणी बुद्धिबळाच्या पटावर असे, तर कुणी आपली ताजी कविता ऐकवायला आलेला असे. कवी तिथंही होतेच! राज्यकर्त्यांना मात्र ही बैठक खुपायची. मक्केत १५११ साली आणि इस्तंबूलमध्ये सुलतान चौथा मुराद याच्या काळात १६३३ साली असे कहवाखाने बंद करण्याचे हुकूम निघाले. कॉफीपेक्षा भीती होती ती अनोळखी माणसं एका जागी बसून बोलतात याची.

लंडनमध्ये पहिलं कॉफीगृह १६५२ साली पास्क्वा रोझे नावाच्या माणसानं काढलं. एक पेनी दिली की कप मिळायचा, शेकोटी मिळायची, वर्तमानपत्र मिळायचं आणि लांबलचक टेबलाशी जागा मिळायची. शेजारी कोण बसेल, हे आपल्या हाती नाही. दुसरा चार्ल्स राजा यांनीही १६७५ च्या डिसेंबरात कॉफीगृहं बंद करण्याचा जाहीरनामा काढला. लोक इतके संतापले, की अंमल सुरू व्हायच्या आतच तो गुंडाळावा लागला.

या कॉफीगृहांतून लोक नुसत्या गप्पा मारत नव्हते, कामं करत होते. विल्सच्या कॉफीगृहात कवी ड्रायडन यांची खुर्ची ठरलेली असे, थंडीत शेकोटीपाशी आणि उन्हाळ्यात सज्जात. बॅटसनच्या कॉफीगृहात वैद्य बसत आणि रोगी सल्ल्याला तिथंच येत. ज्याला ऑफिस नाही, तो आपला पत्ता म्हणून कॉफीगृहाचं नाव देई. माझी मुलगी आज जे करू पाहते, तेच ही मंडळी करत होती.

आता दलालांकडे येतो. १६९८ च्या सुमारास शेअरदलाल रॉयल एक्स्चेंजच्या वास्तूतून बाहेर पडले आणि चेंज ॲलीतल्या जोनाथनच्या कॉफीगृहात बसू लागले. जॉन कास्टेंग यांनी त्याच वर्षापासून तिथून भावांची यादी काढायला सुरुवात केली. पेनी टाकून कुणीही आत येई, सौदा करी. त्यात सचोटीचे होते, तसे बुडवेही होते. शब्दावर व्यवहार चालायचा आणि समोरचा माणूस उद्या दिसेल याची खात्री नसायची. म्हणून १७६१ साली सुमारे दीडशे दलालांनी ठरवलं, की वर्षाला माणशी आठ पौंड देऊन जोनाथन आपल्यापुरतं राखून घ्यायचं. कपाचे नव्हे, खुर्चीचे पैसे भरायचे आणि दार लावून घ्यायचं.

ज्याला बाहेर काढलं, असा एक दलाल कोर्टात गेला. आणि जिंकला! जोनाथनमध्ये पूर्वापार खुला बाजार भरतो, तिथून कुणाला हाकलता येणार नाही, असा निकाल लागला. एक पेनी देऊन बसणाऱ्या माणसाचा त्या टेबलावर हक्क आहे, हे न्यायासनानं मान्य केलं. ही गोष्ट वाचली तेव्हा मला माझी सरकवलेली वही आठवली.

पण दलालही हट्टाचे. १७७३ साली त्यांनी स्वतःची वेगळी इमारत केली आणि तिच्यावर 'स्टॉक एक्स्चेंज' हे नाव लावलं. दाराशी दिवसाचे सहा पेन्स द्यायचे आणि आत जायचं. पेनीचे सहा पेन्स झाले, तरी दार अजून किलकिलं होतं. १८०१ साली तेही मिटलं. आता फक्त सभासदांना प्रवेश.

एडवर्ड लॉइड यांच्या कॉफीगृहाचं तेच झालं. १६८०च्या दशकात टॉवर स्ट्रीटवर असलेलं आणि १६९१ साली लोम्बार्ड स्ट्रीटवर गेलेलं हे दुकान म्हणजे जहाजवाल्यांचा अड्डा. कप्तान येत, बातम्या आणत. मोठी जोखीम टेबलाशी बसलेले लोक वाटून घेत. पुढं तिथं सट्टेबाज शिरले. कोण जगेल, कोण मरेल यावरही पैजा लागू लागल्या. कंटाळून गंभीर मंडळी १७६९ साली वेगळी झाली. १७७१ साली ७९ जणांनी प्रत्येकी शंभर पौंड काढले आणि १७७४ साली रॉयल एक्स्चेंजमध्ये जागा घेतली. आज लॉइड्स हा जगातला विम्याचा मोठा बाजार आहे. तिथल्या गणवेशातल्या सेवकांना 'वेटर' म्हणायची रीत कॉफीच्या दिवसांपासून चालत आली आहे. मात्र याच बाजारात गुलामांच्या जहाजांचेही विमे उतरवले गेले. त्याबद्दल लॉइड्सनं २०२० साली माफी मागितली. टेबल खुलं असो की बंद, त्यावर काय काम चालतं हा प्रश्न उरतोच.

आपल्या मुंबईतही असंच घडलं. १८५०च्या दशकात टाऊन हॉलसमोर वडाच्या झाडाखाली दलाल जमत. सावलीला भाडं नव्हतं. माणसं वाढली, जागा बदलत गेल्या, आणि १८७५ साली 'नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन' स्थापन झाली. प्रवेश फी एक रुपया. मुंबई शेअर बाजाराची सुरुवात ती. पुढं त्या सभासदत्वाची किंमत किती चढली, हे मुंबईकरांना सांगायला नको.

म्हणजे काम वाढलं, की माणूस वडाखालून उठतो आणि खोली घेतो. त्याला शांतता हवी असते, ओळखीची माणसं हवी असतात, भरवसा हवा असतो. यात वाईट काहीच नाही. आजचं कोवर्किंगही अशाच गरजेतून आलं. ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रामरनं ऑगस्ट २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आठवड्यातून दोन दिवस अशी जागा उघडली. एकट्यानं काम करण्याचं स्वातंत्र्य हवं आणि चार माणसांची सोबतही हवी, हा त्याचा हेतू. सुरुवातीला तिकडं कुणी फिरकेना. पुढं याच कल्पनेवर वीवर्कसारख्या कंपन्या उभ्या राहिल्या. इमारती दीर्घ मुदतीनं भाड्यानं घ्यायच्या आणि खुर्च्या महिन्याच्या बोलीनं द्यायच्या, असा तो व्यवहार. खुर्च्या रिकाम्या पडल्या, तरी इमारतीचं भाडं चुकत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये वीवर्कला अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. खुर्चीचा धंदाही इराण्याच्या धंद्याइतकाच नाजूक आहे.

हे सगळं मी मुलीला सांगितलं. माझा कल अर्थातच कॅफेकडे होता आणि त्याचं कारणही मी तिला सांगितलं. लग्नानंतर मी या शहरात भाड्याची जागा शोधत होतो. घरमालक आपुलकीनं बोलायचे, पाणी द्यायचे आणि शेवटी पूरं नाव विचारायचे. मग जागा 'कालच गेलेली' असायची. इराण्यानं मला कधी नाव विचारलं नाही. वही सरकवली ती गर्दीसाठी, नावासाठी नव्हे. जिथं नाव न सांगता बसता येतं, अशा जागा माणसाला फार नसतात.

ती शांतपणे म्हणाली, ''अब्बा, तुमच्या त्या लंडनच्या कॉफीगृहात माझ्यासारखी बसली असती का?''

मी निरुत्तर झालो. लंडनच्या त्या कॉफीगृहांत बायका गल्ल्यावर असत, काही तर स्वतः दुकान चालवत. पण टेबलाशी बसून वाद घालणारं गिऱ्हाईक म्हणून त्यांना जागा जवळजवळ नव्हतीच. पेनीवाल्याचा हक्क कोर्टानं मानला, पण ती पेनी पुरुषाच्या हातातली होती. माझ्या इराण्याकडेही तीन तास एकटी बसलेली मुलगी मी पाहिली नव्हती.

''कोवर्किंगच्या फॉर्मवर नाव विचारतात,'' ती म्हणाली, ''पण पैसे भरले की खुर्ची माझी. रात्री आठला मीटिंग असली, तरी 'एकटी का बसलीस' असं कुणी विचारत नाही.''

तिनं शेवटी दोन्ही ठेवलं आहे. मीटिंगा असतील ते तीन दिवस कोवर्किंगमध्ये, उरलेले दोन कॅफेत. कोवर्किंगमध्ये काम लवकर होतं म्हणते. कॅफेत मात्र शेजारच्या टेबलावरच्या एका आजींशी तिची ओळख झाली. त्या मोडी कागद वाचायला शिकताहेत. दर आठवड्याला एक नवं अक्षर त्या तिला दाखवतात.

कधी कधी मीही वही घेऊन तिच्याबरोबर त्या कॅफेत जातो. तासाभरानं दुसरा कप मागवतो. डॉक्टरांनी एकच सांगितला आहे, पण खुर्चीचे पैसे कुणीतरी द्यायला हवेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)