एम म्हणजे मेगा नव्हे: सिम्युलेटरमध्ये राहून गेलेली पंचकार्डं

आज एका अ‍ॅम्प्लिफायरच्या निमित्ताने पन्नास वर्षं मागे जायचंय. ईअँडटीसीवाले तर ऐकतीलच, पण बाकीच्यांनीही थांबा. सर्किट फार येणार नाही.

नाशिकच्या टीईच्या एका श्रोत्याने मला फाइल पाठवली. साधा कॉमन एमिटर अ‍ॅम्प्लिफायर. १२ व्होल्टचा सप्लाय, कलेक्टरला ४.७ किलोओहम, सप्लायपासून बेसपर्यंत १ मेगाओहम. वहीतलं गणित चोख होतं: बेसमध्ये साधारण ११ मायक्रोअँपिअर, बीटा १०० धरला तर कलेक्टरमध्ये १.१ मिलिअँपिअर, म्हणजे कलेक्टर पावणेसात व्होल्टच्या आसपास. सिम्युलेशनमध्ये मात्र आउटपुट सपाट रेष आणि बेसमध्ये हजारो अँपिअर! एमजी रोडवरून आणलेला ट्रान्झिस्टर एवढ्यात केव्हाच राख झाला असता. सिम्युलेटरमधला जळत नाही, तो निमूट उत्तर देतो.

फाइलमध्ये रेझिस्टरची किंमत '१ एम' लिहिली होती. आणि इथून आपण जातो १९७० च्या सुमाराला, कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात.

तिथे रॉन रोरर नावाच्या प्राध्यापकाने वर्गालाच सर्किट सिम्युलेटर लिहायला लावला. अट अशी की डॉन पेडरसन सरांना प्रोग्राम पटला तर सगळे पास, नाहीतर सगळे नापास. (आपल्या एक्स्टर्नलची भीती वाटते ना, ती विसरा.) त्या वर्गात लॅरी नेगल होता. त्यांच्या प्रोग्रामचं नाव पडलं 'कॅन्सर'. नावाच्या फोडीत शेवटी येतं, 'रेडिएशन वगळून'. कारण तेव्हाचे बरेच सिम्युलेटर संरक्षण खात्याच्या पैशावर बनत आणि किरणोत्साराचा सर्किटवर होणारा परिणामही मोजत. या पोरांनी नावातच सांगून टाकलं की ते आम्ही करत नाही.

पुढे पेडरसन नेगलचे गाइड झाले. त्यांचा हट्ट एकच, प्रोग्राम सगळ्यांना खुला हवा. म्हणून नव्याने लिहिलेला 'स्पाइस' १९७३ साली कॅनडातल्या वॉटर्लूच्या परिषदेत मांडला गेला, आणि १९७५ मध्ये नेगलच्या प्रबंधासोबत स्पाइस टू आला. भाषा फोरट्रान, मशीन सीडीसी ६४००, आणि इनपुट पंचकार्डांवर.

आता बघा गंमत. त्या मशीनवर सगळी अक्षरं कॅपिटल. आपण मिलिसाठी छोटा एम आणि मेगासाठी मोठा एम लिहितो, तो फरकच तिथे करता येत नव्हता. म्हणून एम मिलिला दिला आणि मेगासाठी तीन अक्षरी 'मेग' ठरला. आजही स्पाइसला छोटा-मोठा एम सारखाच. आपल्या श्रोत्याचा १ मेगाओहम तिथे १ मिलिओहम झाला, म्हणजे बेस जवळजवळ थेट १२ व्होल्टला! १२ ला ०.००१ ने भागून बघा, हजारो अँपिअर कुठून आले ते कळेल. तसंच कपॅसिटरला 'एक एफ' लिहिलंत तर ते एक फॅरड होत नाही, तो फेम्टो.

दुसरी तऱ्हा जास्त छळते. कार्डांच्या गठ्ठ्यात पहिलं कार्ड शीर्षकाचं असे. आजही हाताने लिहिलेल्या नेटलिस्टची पहिली ओळ स्पाइस शीर्षक समजतो. तिथे सप्लायची ओळ लिहिली तर सप्लायच गायब, एररही नाही, आणि तुम्ही ट्रान्झिस्टरचं मॉडेल बदलत बसता. मला विचाराल तर एररशिवाय मिळणारं चुकीचं उत्तर सगळ्यात महाग. सबमिशनच्या आदल्या रात्री तर फारच.

हे दुरुस्त का नाही केलं? कारण तोवर जगभरच्या कंपन्यांच्या आणि कॉलेजांच्या फाइली याच नियमांवर लिहून झाल्या होत्या. स्पाइस जवळजवळ फुकट, टेपच्या खर्चात मिळायचा, म्हणून तर तो एवढा पसरला. १९८० च्या दशकात स्पाइस थ्री सी भाषेत नव्याने लिहिला गेला, कार्डं गेली, एम तसाच राहिला. त्याच घराण्यातला आजचा एनजीस्पाइस, आणि एनजीस्पाइसवर उभं आहे ईसिम, आपल्या पवईच्या आयआयटी मुंबईतल्या फॉसी प्रकल्पाचं मोफत सॉफ्टवेअर. महागड्या लायसन्सशिवाय नाशिकच्या पोराला घरच्या लॅपटॉपवर अ‍ॅम्प्लिफायर तपासता येतो, त्यात पेडरसनच्या हट्टाचा मोठा वाटा आहे. एमचा घोळही त्याच पाकिटातून आलाय.

एक प्रकार मात्र कार्डांमुळे होत नाही, आणि तो मला सगळ्यात जास्त विचारला जातो. एम सुधारल्यावर हाच अ‍ॅम्प्लिफायर एसी अ‍ॅनालिसिसला लावा, इनपुट १ व्होल्ट. आउटपुट येईल २०० व्होल्टच्या घरात, तेही १२ व्होल्टच्या सप्लायवर! सिम्युलेटर बिघडलेला नसतो. एसी अ‍ॅनालिसिस आधी डीसी ऑपरेटिंग पॉइंट काढतं, मग त्या बिंदूपाशी ट्रान्झिस्टरची वक्ररेषा सरळ मानून गणित करतं. सरळ रेषेला सप्लायची मर्यादा माहीतच नसते. १ व्होल्ट तिथे फक्त सोयीचा आकडा, गेन थेट वाचता यावा म्हणून. सिग्नल खरोखर कापला जातो का ते पाहायचं तर ट्रान्झिएंट चालवा.

असे विचित्र ग्राफ तुमच्याकडे असतील तर पाठवा, पुढच्या भागात घेऊ. फक्त सोबत ऑपरेटिंग पॉइंटचे आकडेही जोडा, नुसत्या स्क्रीनशॉटवरून मला काही कळत नाही.